नवे चेहरे नकोत कसे?

'जुनी सुपरहिरो टीम पुन्हा उभी करायची तर मूळ सदस्यच हवेत, वाचक त्यांच्यासाठीच येतो' हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. एक्स-मेन या अमेरिकन कॉमिक्समधल्या सुपरहिरो टीमचंच बघा. १९६३ची पाच जणांची टीम खपेना, म्हणून १९७० पासून त्या मासिकात जुन्याच कथा पुन्हा छापत होते. १९७५ साली लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी मूळ पाचांतल्या सायक्लॉप्सच्या जोडीला केनियातली स्टॉर्म, सोव्हिएत शेतावरचा कोलोसस, जर्मनीतला नाइटक्रॉलर अशी मंडळी आणली आणि मासिकाचं नशीबच पालटलं. पुढे लेखक ख्रिस क्लेअरमाँटने वर्षानुवर्षं हीच पात्रं फुलवली.

ही नवी मंडळी आणणारा १९७५चा तो अंक मी बऱ्याच उशिरा, पुनर्मुद्रणात वाचला. सुरुवातीलाच मशाली घेतलेले गावकरी नाइटक्रॉलरच्या जिवावर उठलेले दिसतात. निळं अंग, शेपूट, पिवळे डोळे, आणि तरी आपला जीव त्याच्यासाठीच तुटतो! मूळ पाच जण कोण हे तेव्हा मला धड ठाऊकही नव्हतं. आताच्या लेखकांनी जुन्यांना जरूर आणावं, पण निदान दोन-तीन नवी पात्रं तरी इतक्याच ताकदीने लिहावीत. आम्ही वाचायला तयार आहोत.