मत न देणाऱ्याचं रेशन बंद करावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मोठी आणि कळकळीची आहे, म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर उत्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तिचा सारांश असा: जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकांतल्या कमी मतदानावर लिहिताना मी मत न देणाऱ्यांना पाठीशी घातलं. शहरी माणूस आळशी आहे, सुट्टी मिळाली की लोणावळा गाठतो. गावचा माणूस मात्र उन्हात रांग लावतो. उपाय एकच, ऑस्ट्रेलियासारखी सक्ती. दंड लावा, आणि तरीही जो येणार नाही त्याचं रेशन आणि सरकारी सवलती बंद करा.

मतदान केलंच पाहिजे, याबद्दल आपलं दुमत नाही. पण ‘आळस’ म्हटलं की पुढचं काही तपासायची गरजच उरत नाही, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

लोणावळ्याचंच बघू. २०२४च्या लोकसभेला राज्यात सगळ्यांत कमी मतदान झालेल्या मतदारसंघांत दक्षिण मुंबईबरोबर कल्याण होता, दोन्हीकडे जेमतेम ५० टक्के. कल्याण म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, मुंब्रा-कळवा, डोंबिवली. पहाटेची लोकल पकडून रात्री घरी येणारी माणसं. यांतल्या किती जणांना लोणावळा परवडतं? त्याच वर्षी विधानसभेचं मतदान मुद्दाम बुधवारी ठेवलं गेलं, लोकांनी शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढू नये म्हणून. मुंबईचा टक्का २०१९पेक्षा थोडा वाढला, पण तेवढा तो साऱ्या राज्यातच वाढला होता, ६१वरून ६६वर. कुलाब्यात बुधवार असूनही ४५ टक्केसुद्धा झालं नाही.

आता गावाचं. जानेवारी २०२१मध्ये, करोनाचं सावट असताना, राज्यातल्या १२ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी जवळपास ७९ टक्के मतदान झालं. पण त्याच गावांतली तीच माणसं लोकसभेला इतक्या संख्येने येत नाहीत. तीन वर्षांत ती आळशी झाली, असं तर नाही ना? ग्रामपंचायतीच्या वॉर्डात काही शे मतदार असतात. उमेदवार भावकीतला किंवा पलीकडच्या गल्लीतला असतो, चार-पाच मतांनी निकाल फिरतो, आणि निवडून आलेला माणूस उद्या नळाच्या पाण्यासाठी दारात गाठता येतो. मुंबईत १ कोटी ३ लाख मतदार आणि २२७ नगरसेवक, म्हणजे एकामागे सरासरी ४५ हजार. मुंबईबाहेरच्या बहुतेक महापालिकांत तर चार सदस्यांचा प्रभाग. गटार तुंबलं तर चौघांपैकी कोणाला विचारायचं, हे मत देणाऱ्यालाही सांगता येत नाही. आपलं मत कुठे पोहोचतं ते दिसलं की माणूस बाहेर पडतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते सबब म्हणून मांडलेलं नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एका गोष्टीचा उल्लेखच नव्हता, आणि मला सगळ्यांत जास्त राग तिचाच येतो. राज्यघटनेच्या २४३-यू कलमानुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ला संपली. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागसंख्या वाढवणं, मग ती पुन्हा खाली आणणं, जैसे थे आदेश, अशी कारणं पुढे येत राहिली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये बजावलं, तेव्हा कुठे चक्रं हलली, आणि त्यालाही पुढे मुदतवाढ मिळाली.

कल्याण-डोंबिवलीत तर आधीची निवडणूक २०१५ची. २०२०मध्ये मुदत संपली आणि पुढचा पूर्ण कार्यकाळ लोकप्रतिनिधींशिवाय गेला. २०१६ साली अठरा वर्षांची झालेली डोंबिवलीची मुलगी नगरसेवकासाठी पहिल्यांदा मत देऊ शकली तेव्हा २७-२८ वर्षांची झाली होती. तेही तिच्या प्रभागात मतदान झालं असेल तर, कारण तिथे वीसच्या आसपास जागा बिनविरोध गेल्या. त्या काळात विभाग कार्यालयात पाण्याची तक्रार घेऊन गेलं की ‘आता नगरसेवक नाहीत, साहेबांना अर्ज द्या’ एवढंच उत्तर मिळायचं. मीही ते ऐकलं आहे. दहा वर्षं जिच्या मताची कोणाला गरज भासली नाही, तिला एके दिवशी बोटाला शाई लावून कर्तव्याची आठवण करून देणं मला पटत नाही. निवडणूक चार-पाच वर्षं लांबवणाऱ्यांना दंड कोण करणार, हेही तुम्ही लिहायला हवं होतं.

टक्का ज्यावरून काढतात त्या यादीबद्दलही सांगतो. मुंबईच्या प्रारूप मतदार यादीत सुमारे ११ लाख संभाव्य दुबार नोंदी आढळल्या, आणि त्या साधारण ४ लाख ३३ हजार लोकांच्या होत्या. त्या सगळ्या खरोखर दुबार धरल्या तर साडेसहा लाखांहून जास्त नावं जादा. ती वजा करून ढोबळ हिशेब केला तर मुंबईचं ५३ टक्के मतदान ५६च्या पुढे जातं. शिवाय अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे भाडेकरू आहेत. दोन-तीन वर्षांनी घर बदलतं, नाव जुन्या पत्त्यावरच राहतं. बीएलओ, म्हणजे घरोघरी यादी तपासणारे कर्मचारी, दुपारी येतात तेव्हा दाराला कुलूप. फॉर्म ८ भरून पत्ता बदलता येतो, पण ते आठवतं मतदानाच्या आदल्या आठवड्यात, आणि तोवर मुदत गेलेली असते. हा थोडाफार निष्काळजीपणा आहे, मान्य. पण निवडून देण्याची इच्छाच नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण चांगलं आहे, फक्त ते पुरतं घेऊ या. १९२२मध्ये तिथे ६० टक्क्यांहून कमी मतदान झालं, १९२४मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५मध्ये टक्का ९१वर गेला. पण तिथे मतदान शनिवारी असतं. मतदाराला स्वतःच्या राज्यातल्या कोणत्याही केंद्रावर मत देता येतं, आधी देता येतं, टपालाने देता येतं, रुग्णालयांत फिरती पथकं जातात. दंड आहे वीस डॉलरचा. नागरिकाला बजावण्याआधी सरकारने स्वतःवर एवढी जबाबदारी घेतली आहे. आपल्याकडे गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा केला, त्याला २०१५मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

‘मग तुमचा उपाय काय?’ असं तुम्ही विचारलंत. निवडणूक वेळेवर घ्या आणि यादी वर्षभर दुरुस्त करत राहा, हे तर आहेच. पण माझा जीव क्षेत्रसभेत अडकला आहे. ग्रामसभेसारखी वस्तीपातळीवरची सभा शहरांतही व्हावी, ही तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. तुमच्या भागात ती कधी भरल्याचं ऐकलंय? फुटपाथ कुठे हवा, कचऱ्याची गाडी किती वाजता यावी, हे ठरवायला ज्यांना बोलावलं जातं, त्यांना मतदानाच्या दिवशी वेगळी हाक मारावी लागणार नाही.

राहिलं रेशन. २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान होतं, म्हणजे ऐन गाळप हंगामाच्या तोंडावर. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या त्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, मत द्यायला परत यायचं तर मजुरी बुडते आणि भाडं पदरचं. त्यांना टपाली मतदान नाही. परगावाहून मत देता येईल अशा यंत्राचं प्रात्यक्षिक बघायला निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३मध्ये पक्षांना बोलावलं होतं, पण पुढच्या निवडणुकीत ते यंत्र आलं नाही. तुमचा नियम लागू झाला तर कफ परेडच्या माणसाला काहीच फरक पडणार नाही, तो रेशनवर जगत नाही. धान्य जाईल ते या टोळीतल्या बाईचं. तिचं रेशन कापावं असं तुम्हाला खरंच वाटतं का? यावर तुमचं उत्तर मला हवं आहे.