प्रेम लागतं, ताई

कालची गोष्ट आहे आणि मी अजून धुमसतेय, त्यामुळे सूर कुठे तिरका लागला तर सांभाळून घ्या.

वन्यप्राण्यांच्या एका उपचार केंद्रात मी व्हॉलंटियर म्हणून जाते. सध्या माझ्या वाट्याला हरणाची पाडसं आलीयेत, बाटलीवर वाढलेली, आणि त्यांचं दूध सोडवून त्यांना पाल्यावर आणायचं काम माझ्याकडे आहे. हे कुणाला सांगितलं की समोरची व्यक्ती लगेच "अय्या, किती लकी आहेस गं!" म्हणते. अशा लोकांना मी आता माझा कुर्ता दाखवते. चोखून चोखून त्याची खालची किनार लोंबायला लागलीय. एक फेरी दूध कमी केलं की या पोरांना दिसेल त्या वस्तूत निपल दिसायला लागतं. ओढणीचं टोक, बुटाची लेस, माझं कोपर, डॉक्टर वाकले की त्यांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप, एकदा तर माझ्या कानाची पाळी. सगळं चालतं, फक्त पाला चालत नाही. कोवळा लुसलुशीत पाला नाकापाशी नेला की हुंगतात, एक पान ओठात धरतात, आणि माझ्याकडे बघत बघत खाली टाकतात. बघत बघत टाकतात, हे महत्त्वाचं आहे.

आता खरं सांगायचं तर त्यांचाही फार दोष नाही. हरणाच्या पोटाचे चार कप्पे असतात, पण जन्मतः त्यातला शेवटचाच काय तो कामाचा. मान वर करून चोखलं की आत एक पन्हळ मिटते आणि दूध बाकीच्यांना वळसा घालून थेट त्या शेवटच्या कप्प्यात जातं. म्हणून बाटली उंच धरायची, दूध अंगाच्या तापमानाला हवं म्हणजे 38-39 अंश, आणि घाई करायची नाही, नाहीतर दूध पहिल्या कप्प्यात सांडून तिथे आंबतं आणि मग रात्रभर पोट फुगलेलं पिल्लू घेऊन बसा. तो पहिला मोठा कप्पा, ज्याच्या जिवावर पुढे आयुष्यभर रवंथ करायचं, तो चारा आत गेल्याशिवाय वाढतच नाही. म्हणजे पाला पचवायला पोट हवं आणि पोट तयार व्हायला पाला हवा. ही अशी डिझाइन कोणी पास केली देव जाणे. 2-3 आठवड्यांची झाली की पानं तोंडात घालून बघायला लागतात, पण दूध पूर्ण सुटायला अडीच-तीन महिने सहज जातात, कधी जास्तही. मधल्या काळात माती मात्र आवडीने चाटतात. पहिल्यांदा बघणारा घाबरून ओरडतो, पण चाटू द्यायची, पचनाला लागणारे जीवजंतू असेच पोटात जातात.

आणि हो, अगदी लहान असताना त्यांना शी-शू पण आपण करवावी लागते. आई मागून चाटते तेव्हा होते ती. मी ओल्या कोमट कापसावर भागवते, हे विचारायच्या आधीच सांगून टाकलेलं बरं.

तर यातली एक, कानाला खाच असलेली, सगळ्यात हट्टी. बाकीची हळूहळू पाला कुरतडायला लागली, ही नाही म्हणजे नाही. हरणांना वरचे पुढचे दात नसतात, नुसती टणक हिरडी असते, त्यामुळे ती पानं तोडत नाहीत, हिसडा मारून ओरबाडतात. म्हणून सुटा पाला न टाकता फांदी घट्ट बांधावी लागते, नाहीतर ओढली की अख्खी फांदीच अंगावर येते. मी बांधली. नाकाच्या उंचीवर बांधली, जरा खाली बांधली, जाळीपाशी बांधली, पाणवठ्यापाशी बांधली. बाईसाहेब प्रत्येक फांदीपाशी येऊन माझा खिसा तपासायच्या, बाटली आहे का बघायला.

आणि काल काका आले.

हे काका म्हणजे तिला केंद्रात घेऊन आलेले गृहस्थ. त्यांच्या भाषेत तिला "वाचवून" आणणारे. वरून कुणाचा तरी फोन आलेला असल्यामुळे इन्चार्जनी त्यांना जाळीच्या बाहेरून पाच मिनिटं बघायची परवानगी दिली, आणि सोबत मला दिलं. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा माणूस, पण मला ताई म्हणत होता, आणि प्रत्येक ताईमध्ये थोडी कीव होती.

"ताई, कुठाय आपला प्रिन्स?"

"काका, ती मादी आहे."

दोन सेकंद शांतता. मग, "बरं, मग प्रिन्सी."

"आम्ही नावं ठेवत नाही काका. परत जंगलात सोडायची असतात ना."

"सोडणार?" काकांचा चेहरा असा झाला की जणू मी तिला वसुली एजंटच्या ताब्यात देतेय. "अहो, ती जगेल का तिथे? तिला माणसांची सवय झालीय."

ही सवय कोणी लावली हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, पण मी तो गिळला. काकांनी खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. मी तो घेतला. त्यांनी दुसऱ्या खिशातून दुसरा काढला. मी तोही घेतला आणि सांगितलं की काका, एवढ्याशा पोटात मैदा-साखर गेली की भराभर आंबून ॲसिड होतं, जीव जाऊ शकतो. काका हसले. "आमच्या घरी होती तेव्हा रोज खायची. आणि गाईचं दूध, साखर घालून, चमच्याने. आवडीने प्यायची."

प्यायची, हे खरंय. आमच्याकडे आली तेव्हा तिची मागची बाजू पार बरबटलेली होती आणि हगवण थांबवता थांबवता डॉक्टरांच्या नाकी नऊ आले होते. हरणीचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असतं, फॅट जास्त, प्रोटीन जास्त. पण हे सगळं जाळीपाशी उभं राहून किती वेळा सांगणार.

"काका, ती मिळाली तेव्हा जखमी होती का?"

"छे हो! गवतात एकदम गुपचूप बसली होती. हलतही नव्हती बिचारी. आई टाकून गेलेली."

आता इथे मी विनोद बाजूला ठेवते. आई टाकून जात नाही हो. हरणी पिल्लाला गवतात दडवून लांब चरायला जाते, मुद्दाम लांब, म्हणजे तिच्या वासावर येणारा शिकारी पिल्लापर्यंत पोचू नये. दिवसातून मोजक्या वेळा येऊन पाजते आणि परत जाते. पिल्लू हलत नाही कारण हलायचं नाही हेच त्याचं संरक्षण. ते बिचारं नसतं, ते आपलं काम चोख करत असतं. आणि मग एखादा कनवाळू माणूस येतो आणि उचलतो. संध्याकाळी ती आई तिथे येऊन किती वेळ फिरली असेल याचा हिशोब कुणी मांडत नाही. जखम नसेल, मेलेली आई शेजारी पडलेली नसेल, तर हात लावू नका, लांब जा. एवढंच करायचं असतं. काहीच न करणं लोकांना इतकं जड का जातं?

मी हे काकांना जरा सौम्य करून सांगितलं. काका म्हणाले, "पण माझा हात लागला होता ना. माणसाचा वास आला की आई घेत नाही."

"घेते काका. परत ठेवलं असतं तर घेतलं असतं."

"नाही हो ताई, मी वाचलंय."

यावर काय बोलणार. इतक्यात ती खाचवाली उठली, टुकटुक चालत जाळीपाशी आली. काकांनी मी सकाळी बांधलेल्या फांदीची डहाळी जाळीतून ओढली आणि तिच्यापुढे धरली. आणि तिने खाल्ली. एक हिसडा, कुर्रकन आवाज, जबडा आडवा फिरतोय, दुसरं पान, तिसरं. माझ्याकडे ढुंकूनही न बघता. काकांनी दुसऱ्या हाताने मोबाइल माझ्याकडे सरकवला. "ताई, व्हिडिओ घ्या जरा." मी घेतला. काय करणार, नकार द्यायला तोंडात शब्दच नव्हते. आणि व्हिडिओत काका कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "काही नाही हो, प्रेम लागतं, ताई. प्रेम."

प्रेम! पहाटेच्या बाटल्या, उकळलेली निपलं, कापूस, माती, रोजचं वजन, नवीन पाला, आणि प्रेम यांच्याकडे.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की असंच होतं. जिच्या अंगाला दुधाचा वास येतो तिच्या हातून पिल्लू पाला कशाला घेईल, बाटलीचीच वाट बघणार. काका तिच्या लेखी कोरडे. म्हणून शहाणी केंद्रं बाटल्या रॅकमध्ये लावून माणूस दिसूच देत नाहीत. माणसाळलेल्या नराला पुढे शिंगं आली की तो माजावर माणसालाच भिडतो, ते वेगळंच संकट. इन्चार्जनी तिथल्या तिथे निर्णय दिला: आजपासून मी आडोशामागून फक्त बाटल्या लावायच्या आणि धुवायच्या. पाला दुसरं कुणीतरी बांधेल. म्हणजे इतके दिवस राबून माझं प्रमोशन भांडी घासण्यावर झालं, आणि तेही शास्त्रीय कारणाने, त्यामुळे भांडताही येत नाही.

रात्री काकांनी तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला. माझा आवाज, "काका, हात आत घालू नका" म्हणणारा, काढून टाकून वर बासरी लावलीय. खाली मेसेज: "पुढच्या रविवारी मुलांना घेऊन प्रिन्सीला भेटायला येतो. व्हिडिओ छान आलाय, फक्त तुमचा हात फार हलत होता."