‘चितळ्यांनी कुठे केली जाहिरात?’

दिवाळीच्या तोंडावर घरगुती फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की हा मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर तोच: माल चांगला असेल तर तो स्वतःच विकला जातो. चितळ्यांनी कुठे केली जाहिरात? दुपारी एक ते चार बंद, तरी रांगा! नाव, लोगो, पॅकिंग ही मोठ्या कंपन्यांची थेरं. एक खूश गिऱ्हाईक दहा आणतं. एजन्सीला पैसे देण्यापेक्षा तेच मालात घाला. खाली जोडलेले हात आणि ‘प्रत्येक मराठी उद्योजकापर्यंत पोचवा’.

एजन्सीचं वाक्य मला बरंचसं पटतं, त्याबद्दल शेवटी. आधी बाकीचं.

चितळ्यांपासूनच सुरू करू. चितळे बंधू जाहिरात करतात. वर्तमानपत्रांत करतात, टीव्हीवर करतात, आणि सचिन तेंडुलकर त्यांच्या जाहिरातींत झळकला आहे. एक ते चारचं म्हणाल, तर दुकान दुपारीही उघडं ठेवायला त्यांनी २०१७ मध्येच सुरुवात केली. मेसेज अजून जुन्याच वेळापत्रकावर चालला आहे. पण समजा, त्यांनी एकही जाहिरात छापली नसती, तरी १९५० पासून त्यांनी जे केलं त्याला ब्रँडिंगच म्हणतात. बाकरवडी टिकते, प्रवासात मोडत नाही, म्हणून ती पाहुण्यांकडे नेण्याची वस्तू झाली. आणि ती गेली ती नाव छापलेल्या पाकिटातून. पुण्याहून काय आणू असं विचारल्यावर लोक नुसतं ‘बाकरवडी’ म्हणत नाहीत, ‘चितळ्यांची बाकरवडी’ म्हणतात. वस्तू आणि आडनाव एकत्र उच्चारलं जाणं ही कमाई आहे, आणि ती आपोआप झालेली नाही. बंद दुकानावरच्या विनोदांचंही तेच. आधी नाव झालं, मग विनोद झाले. उद्या कोथरूडमधल्या नव्या फरसाणवाल्याने दुपारी शटर ओढलं तर कुणी विनोद करणार नाही, गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल.

‘चांगला माल स्वतःच विकला जातो’ याला लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराहून चांगलं उत्तर नाही. माल चांगला होता, हे पुढे सिद्धही झालं. पण लोखंडी फाळाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. नांगर बिचारे गप्पच होते. बोलावं माणसांनाच लागलं. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, ते कारखान्याची आणि मालाची खबर लोकांपर्यंत नेण्यासाठीच. त्याचं पुढे मराठीतलं एक मोठं मासिक झालं. हल्ली कंटेंट मार्केटिंगची, म्हणजे वाचनीय मजकुरातून माल ओळखीचा करण्याची, कार्यशाळा करायला लोक फी भरतात. किर्लोस्करवाडीत ते शंभर वर्षांपूर्वी चालू होतं.

आता ‘नाव-पॅकिंग म्हणजे थेरं’. या वाक्याची खरी किंमत कोकणातल्या बागायतदाराला विचारा. हापूसपेक्षा चांगला माल कोणता? मेसेजच्या हिशेबाने याला तर काहीच लागायला नको. प्रत्यक्षात पेटीवर बागायतदाराचं नाव किंवा मार्का असतो, तो वाशीच्या अडत्याला ओळखीचाही असतो, पण किरकोळ विक्रेत्याकडे पेटी फुटली आणि आंबे डझनावर आले की मार्का संपला. गिऱ्हाईकाला एवढंच कळतं की आंबा फार छान होता. कुणाचा होता? गाडीवाल्याचा. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक त्याच गाडीवर जातं आणि देवगड म्हणून कर्नाटकातला आंबा घेऊन येतं. कर्नाटकच्या आंब्याशी माझं भांडण नाही, पण त्याने स्वतःच्या नावाने यावं. फळ बेचव निघालं की बोल मात्र देवगडला. म्हणजे चांगुलपणाचं श्रेय जातं एकाकडे आणि दुसऱ्याच्या फसवणुकीचा डाग येतो आपल्यावर.

२०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी भेसळ थांबली नाही. कारण मानांकन कागदावर होतं, गिऱ्हाईकाच्या हातात फळ होतं. म्हणून २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने थेट फळावर लावायचा, क्रमांक तपासता येईल असा स्टिकर आणला. लोगो फार सुंदर हवा असं कुणी म्हणत नाही. हा आंबा कुठून आला हे खाणाऱ्याला कळावं, एवढीच मागणी आहे.

गंमत म्हणजे आपल्याकडचा छोटा दुकानदार हे मनातून जाणतो. नाहीतर ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी कशाला लावली असती? पण पाटी लावणं हा उशिराचा उपाय आहे. लवकरचा उपाय म्हणजे ट्रेडमार्क, म्हणजे नावाची कायदेशीर नोंदणी. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज न करताही आधीपासून नाव वापरत असल्याचा हक्क कायद्यात आहे, पण मग जुनी बिलं, पाकिटं, फोटो सगळं पुराव्याला जपावं लागतं. आणि नाव मुळात वेगळं हवं. ‘पुणेरी मसाले’ किंवा ‘घरगुती फराळ’ यावर एकट्याचा हक्क मिळणं जवळजवळ अशक्य, कारण तो नुसता मालाचा आणि गावाचा उल्लेख झाला. एकाच पेठेत चार ‘अस्सल’ आणि तीन ‘ओरिजिनल’ असतात ते यामुळेच.

‘एक खूश गिऱ्हाईक दहा आणतं’ हे खरं आहे, पण त्या दहांना वाट सापडली तर. पाटीवर ‘अन्नपूर्णा’, पाकिटावर काहीच नाही, यूपीआयने पैसे भरताना मेहुण्याचं नाव, आणि गूगल मॅपवर जुनी जागा. खूश गिऱ्हाईक मैत्रिणीला सांगणार काय? ‘अगं, त्या बँकेच्या बाजूला एक काकू आहेत ना...’ तोंडी प्रसिद्धी इथे तुटते. ती जोडायला पैसेही लागत नाहीत: पाटी, पाकीट, पेमेंट आणि मॅप या चारही ठिकाणी एकच नाव, एकच नंबर. व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट करणाऱ्यांना आणखी एक माहीत हवं. ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो संदेश पोचतो. म्हणून डबा हातात देतानाच नंबर सेव्ह करून घ्यायचा.

राहता राहिली एजन्सी. इथे मेसेज लिहिणाऱ्याशी माझं जमतं. ‘महिन्याला इतके रील, इतके फॉलोअर’ अशी पॅकेजं छोट्या धंद्याला बहुतेक वेळा निरुपयोगी असतात. डोंबिवलीत डबे पोचवणाऱ्याला इंदूरचे फॉलोअर काय कामाचे? चकली मऊ पडत असेल तर आधी भाजणी सुधारा, हेही मान्य. पण चकली कुरकुरीत झाल्यावर ती बिननावाच्या पिशवीत बांधून का द्यायची, हे मेसेज सांगत नाही. पाकिटावर चिकटवायचं लेबल चौकातल्या छापखान्यात होतं. पॅकबंद खाद्यपदार्थ विकताना उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन, तारीख आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक तसाही छापावाच लागतो. त्याच कागदावर वर मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव घालायचे छापखानेवाला वेगळे पैसे घेत नाही.