‘संगीत शारदा’च्या ऑडिशनविषयी आलेल्या अभिप्रायाला संचालकांचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

सांगलीतील आमच्या संगीत-नाट्य वर्गाविषयी आणि ‘संगीत शारदा’साठी घेतलेल्या ऑडिशनविषयी आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: गायनाची ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षा दिलेल्या आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला शारदेच्या भूमिकेसाठी ऐकूनच घेतले नाही आणि मैत्रिणींच्या घोळक्यात उभे केले; आपण स्वतः कोदंडाच्या, म्हणजे नायकाच्या, भूमिकेसाठी आला असता आपले पद दोन मिनिटांत थांबवले व माईकही दिला नाही; भूमिका आधीच वाटून झालेल्या होत्या; आणि शुल्क भरणाऱ्यांनाच काम मिळते. हे सर्व आपण जाहीरपणे मांडले असल्यामुळे उत्तरही येथेच देणे मला योग्य वाटते. आपण किंवा आपली मुलगी कशी गायलात, यावर मात्र मी येथे एक अक्षरही लिहिणार नाही, कारण लहान मुलीच्या गाण्याचे जाहीर मूल्यमापन करणे आमच्या पद्धतीत बसत नाही.

सर्वांत आधी शारदेच्या भूमिकेविषयी. या भूमिकेसाठी उमेदवार अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी, ही अट जाहिरातीत होती आणि ती आम्ही जाणीवपूर्वक घातली आहे. गोविंद बल्लाळ देवल हे हरिपूरचे, म्हणजे आमच्या दारातलेच, आणि त्यांचे हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या आठच वर्षे आधी संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली होती आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. त्यामुळे नाटकातील नायिका कोवळ्या वयाची आहे, हे खरे. परंतु नायिका लहान आहे म्हणून ती भूमिका लहान मुलीने करावी, हे त्यातून निघत नाही. पैशाच्या लोभाने बाप आपल्या मुलीचा सौदा करतो, पंचाहत्तरीचा वर बोहल्यावर उभा राहतो आणि शेवटी ती मुलगी जीव द्यायला नदीकडे धावते, असा हा प्रवास आहे. तो खरा वाटावा म्हणून दिग्दर्शकाला त्या नटीबरोबर अनेक आठवडे त्या भीतीच्या आत शिरून काम करावे लागते आणि ते काम अकरा वर्षांच्या मुलीकडून करून घेण्याची माझी तयारी नाही, मग तिचा गळा कितीही तयार असो. देवलांच्या काळी बहुतेक नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत असत. म्हणजे नायिकेच्या वयाची मुलगीच रंगमंचावर हवी, अशी अपेक्षा मूळ प्रयोगातही नव्हती.

‘घोळका’ हा आपला शब्द मला खटकला, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. या नाटकातील मैत्रिणी मागे उभे राहून माना डोलावण्यासाठी नाहीत. म्हाताऱ्या नवरदेवाच्या वयाची थट्टा करणारे जे पद आजही घरोघरी माहीत आहे, ते शारदेच्या तोंडी नसून वल्लरी या मैत्रिणीच्या तोंडी आहे. मोठ्यांच्या व्यवहाराला पहिल्यांदा नाव ठेवण्याचे धाडस नाटकात या मुलींकडून होते, प्रेक्षक पहिल्यांदा हसतो तो त्यांच्यामुळे, आणि ते हसू शारदेच्या अंगावर कसे येते, हे दिसले नाही तर पुढचा सगळा करुण भाग नुसता गाण्यांचा कार्यक्रम होऊन बसतो. म्हणून या मुलींच्या निवडीत आम्ही सर्वाधिक वेळ घालवतो: एकीचे बोलणे दुसरी ऐकते का, आपल्या वाक्याची वाट पाहताना तिचा चेहरा रिकामा पडतो का, दुसरीचे पद चालू असताना ती प्रेक्षकांत आई शोधते का, हे पाहतो. त्यासाठी मुलींना चार-चारच्या गटात उभे करावे लागते. आपल्याला तो घोळका वाटला, तीच त्यांची चाचणी होती.

आता पद मध्येच थांबवण्याविषयी. प्रौढ उमेदवारांपैकी बरेच जण शास्त्रीय किंवा सुगम संगीत शिकलेले असतात आणि साहजिकच आपल्या सर्वांत आवडत्या, तानांनी भरलेल्या नाट्यपदाची तयारी करून येतात. ते पद बहुधा ‘स्वयंवर’सारख्या भास्करबुवा बखले यांच्या चालींच्या नाटकातले किंवा थेट १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून जितेंद्र अभिषेकी यांनी घडवलेल्या काळातले असते. ती पदे मलाही प्रिय आहेत. देवलांच्या पदांची जात मात्र वेगळी आहे. साकी, दिंडी, अंजनीगीत अशा जुन्या पद्यप्रकारांच्या चालींमध्ये शब्द पुढे आणि स्वर त्याच्या मागे चालतो. तेथे अर्धे आवर्तन तानेत गेले की समोरचे पात्र हातावर हात धरून उभे राहते आणि प्रसंग थांबतो. म्हणून आम्ही उमेदवाराला आधी पदाच्या अलीकडची चार-पाच वाक्ये बोलायला सांगतो, ऑर्गनवर पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, देतो आणि त्याच श्वासात पदात शिरायला सांगतो. बोलण्यातून गाण्यात जाताना आवाज एकदम बदलतो का, आणि ध्रुवपदावरून पुन्हा गद्यात येताना पात्र तेच राहते का, हे दोन सांधे कळले की उरलेले कडवे ऐकण्याची आवश्यकता राहत नाही. हे सर्वांनाच लागू असते; ज्यांची निवड झाली त्यांचीही पदे आम्ही त्याच ठिकाणी थांबवली होती. पूर्वी रात्र रात्र प्रयोग चालत आणि एकेका पदाला वन्समोअर मिळत असे. आज नाट्यगृहाचे सत्र ठरावीक तासांचे असते, त्यामुळे तालमीतही पदे आखूडच बसवावी लागतात.

पट्टीचा प्रश्नही निवडीच्या आड येतो आणि तो बाहेरून दिसत नाही. गायिका नटीला काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) सोयीची असते, तर पुरुष गायकाला काळी एक किंवा दोन. एकाच प्रवेशात दोघांची पदे आली की ऑर्गनवादक पट्टी बदलू शकतो, पण एकाने उचललेली ओळ दुसऱ्याने तोडायची असेल तर कोणाला तरी आपल्या सोयीच्या पट्टीपासून हलावे लागते. त्यामुळे कोदंड एकटा उत्तम गातो, एवढ्यावर त्याची निवड होत नाही. शारदेसमोर तो कसा गातो, हे पाहावे लागते आणि अशा वेळी अधिक चांगला गायक मागे राहून कमी चांगला गायक पुढे जातो, हे मी लपवत नाही. मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. ऑडिशनच्या वेळी गोड आवाजाचा असलेला मुलगा प्रयोगाच्या महिन्यापर्यंत आवाज फुटून बसतो, म्हणून मुलांच्या प्रत्येक गाण्याच्या भूमिकेसाठी आम्ही दोघांची तयारी करून घेतो आणि प्रयोग आलटूनपालटून देतो.

माईकबद्दल एवढेच सांगतो की प्रयोगात आम्ही कोणाच्याही अंगावर माईक लावत नाही, रंगमंचावर टांगलेले आणि पुढच्या कडेला ठेवलेले माईकच वापरतो. नटाचा आवाज आधी स्वतःच्या ताकदीवर सातव्या-आठव्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, त्यामुळे ऑडिशनही विनामाईकच होते.

भूमिका आधीच ठरल्या होत्या का? दोन ठरल्या होत्या. भुजंगनाथ (म्हातारा वर) आणि कांचनभट (शारदेचा बाप) या भूमिका आमच्या ज्येष्ठ नटांना दिल्या असून त्यांसाठी ऑडिशन नाही, असे जाहिरातीत छापले होते. ही दोन पात्रे नाटकाचा तोल सांभाळतात; म्हातारा नुसता हास्यास्पद झाला तर शारदेचे दुःख पोकळ ठरते आणि नुसता दुष्ट झाला तर प्रेक्षक हसत नाही. नवीन मंडळींच्या समोर या जागी मुरलेले नट असले की तालीम लवकर मार्गी लागते. बाकीच्या सर्व भूमिका खुल्या होत्या. निवड झालेल्या मुलींत आमच्या वर्गातल्या मुली अधिक आहेत, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. वर्षभर गद्य-पद्याचा सराव केलेल्या मुलींना अशा चाचणीत फायदा होतो आणि तो होणारच. निवड समितीत दिग्दर्शक आणि संगीत मार्गदर्शक यांच्याबरोबर वर्गाशी संबंध नसलेले एक अनुभवी नट बसतात, आणि समितीतील कोणाचे नातलग उमेदवार असतील तर त्या वेळी ते परीक्षक बाहेर थांबतात.

शुल्काविषयीचा आपला आरोप मला मान्य नाही. ऑडिशनला शुल्क नाही, निवड झाल्यावर वर्गणी नाही, तिकिटे खपवण्याची सक्ती नाही. वर्गाचे शुल्क हे शिकवण्याचे शुल्क आहे आणि वर्गात न येणाऱ्या उमेदवारांचीही या नाटकासाठी निवड झालेली आहे. देवलांचे निधन १९१६ मध्ये झाल्यामुळे नाटककाराचे मानधन द्यावे लागत नाही, ‘मग खर्च कसला?’ असे आपण विचारले आहे. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीदारांचे मानधन, तालमीच्या जागेचे व नाट्यगृहाचे भाडे, रंगभूषाकार, भाड्याने आणलेल्या पगड्या आणि नऊवारी, नेपथ्याची वाहतूक हा तो खर्च आहे आणि तो तिकिटांतून व स्मरणिकेतील जाहिरातींतून भागवावा लागतो. हौशी नाटक म्हणजे कोणीच पैसे घेत नाही, अशी समजूत आहे. नट घेत नाहीत, पण तबलजीने का घेऊ नयेत?

मुलांच्या तालमी उशिरापर्यंत चालतात, असेही आपण ऐकीव माहितीवरून लिहिले आहे. चित्रीकरणातील बालकलाकारांसाठी २०१७ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला पाच तास आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तास अशी कमाल मर्यादा घातली आहे. आमच्याकडे मुलांची तालीम यापेक्षा बरीच कमी वेळ, शाळा सुटल्यानंतर आणि पालकांपैकी कोणीतरी हजर असतानाच होते. रंगीत तालमीच्या दिवशी मुलांचे प्रवेश आधी उरकून त्यांना घरी सोडले जाते आणि मोठ्यांचे प्रवेश नंतर, नाटकाच्या क्रमाबाहेर घेतले जातात. यावर आमचे प्रकाशयोजनाकार दर वेळी कुरकुरतात.

आपल्या मुलीचे नाव मैत्रिणींच्या यादीत आहे आणि वाचनाच्या पहिल्या बैठकीपर्यंत ती जागा तिच्यासाठी राखून ठेवली आहे. ती यावी की नाही, हे आपण तिला विचारून ठरवावे. आपल्याला स्वतःच्या चाचणीचा तपशील हवा असल्यास तिन्ही परीक्षकांनी लिहिलेली टिपणे वर्गाच्या वेळेत कार्यालयात वाचायला मिळतील. मुलीची टिपणे पालक म्हणून फक्त आपल्यालाच दाखवली जातील. कोदंडासाठी पर्यायी नट म्हणून आणखी एकाची निवड करायची आहे आणि त्या ऑडिशनला पूर्वी आलेल्यांनाही पुन्हा येता येते. त्या वेळी कोदंडाच्याच एखाद्या पदाची, त्याच्या अलीकडच्या संवादासह, तयारी करून यावे, अशी विनंती आहे.

आपला,
संचालक, संगीत-नाट्य वर्ग, सांगली