आधी मानेवरचा हात काढा

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. वर लाल त्रिकोण, खाली सहा मुद्दे आणि शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल’. मुद्दे थोडक्यात असे: निरोगी माणसाच्या मानेत गाठ हाताला लागतच नाही. दुखणारी गाठ साधी, न दुखणारी कॅन्सरची. म्हणून रोज सकाळी मान दाबून बघा. घशात गोळा अडकल्यासारखा वाटला तर ती अन्ननलिकेच्या कॅन्सरची सुरुवात. गाठीत सुई टोचू देऊ नका, टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो. आणि शेवटी, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, अँटिबायोटिकने गाठ बसली, की निश्चिंत राहा.

मी डॉक्टर नाही. चार वर्षांपूर्वी जबड्याखाली वाटाण्याएवढी गाठ सापडली, आणि पुढचे तीन महिने मी या एका विषयाशिवाय दुसरं काही वाचलं नाही. दोन तज्ज्ञांच्या खुर्चीत बसून आलो. घाबरवणारे मेसेज रोजच येतात, त्याचं विशेष नाही. हा मात्र भलत्याच लोकांना घाबरवतो, आणि ज्यांनी खरोखर उठून डॉक्टरकडे जायला हवं त्यांना ‘निश्चिंत राहा’ म्हणून घरी बसवतो. म्हणून एवढं लिहितोय.

‘निरोगी मानेत गाठ हाताला लागत नाही.’ लागते. शरीरात लसिका ग्रंथी, म्हणजे डॉक्टर ज्यांना लिम्फ नोड म्हणतात त्या, ढोबळमानाने 600 च्या आसपास असतात आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश डोक्या-मानेत असतात. नाक, तोंड, घसा हे जंतूंचे येण्याजाण्याचे रस्ते, त्यामुळे पहारा तिथेच जास्त. सर्दी झाली, दाढ किडली, तोंड आलं, डोक्यात उवा झाल्या की त्या भागातून वाहणारी लस (टोचायची नव्हे, लिम्फ नावाचा अंगातला पातळ द्रव) ज्या ग्रंथीत येते तिथल्या पेशी कामाला लागतात, संख्येने वाढतात आणि ग्रंथी फुगते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या आज्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होतं. मानेतली ही गाठ त्याच अवधाणाचं भावंड. पण तिला ‘लिम्फ नोड’ म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो.

लहान मुलांच्या आणि बारीक अंगाच्या माणसांच्या मानेत अशा ग्रंथी सहज चाचपता येतात. साधारण 1 सेंटिमीटरपर्यंतची, रबरासारखी, बोटाखाली सरकणारी ग्रंथी बहुतेक वेळा नेहमीचीच समजतात. जबड्याच्या कोनाखाली एक असते, टॉन्सिलकडची लस तिच्यात येते, तिला 1.5 सेंटिमीटरपर्यंत सूट आहे. आजार गेल्यावर सूज उतरायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात. काही ग्रंथी मात्र पूर्ण बसतच नाहीत. जखम भरली तरी वण राहतो, तशा त्या वर्षानुवर्षं बारीक दाण्यासारख्या हाताला लागत राहतात.

शिवाय हाताला लागलेली प्रत्येक गोष्ट ग्रंथीच असते असंही नाही. मला एक नाही, दोन गाठी सापडल्या होत्या. दुसरी जास्त मोठी, जास्त मऊ, आणि माझ्या मते जास्त भयंकर. डॉक्टरांनी ती बघितली, काही न बोलता माझंच बोट धरलं आणि जबड्याच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलं. तिथेही तशीच होती. ती लाळग्रंथी होती, जन्मापासून दोन्ही बाजूंना असलेली. तीन महिने मी एकाच बाजूला दाबत होतो, दुसरी बाजू बघायचं एकदाही सुचलं नव्हतं. घाटीच्या, म्हणजे गळ्यावरच्या उंचवट्याच्या, वर घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड असतं, त्याची टोकं अशीच गाठ वाटतात. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागे टणक काहीतरी लागतं ते बऱ्याचदा मानेच्या पहिल्या मणक्याचं टोक असतं. आणि गाठ ठोके देत असेल तर तुम्ही बहुधा मेंदूकडे जाणारी रोहिणी दाबताय, ती सोडा.

‘दुखणारी साधी, न दुखणारी कॅन्सरची.’ मेसेजमधला हा सर्वांत घातक मुद्दा, कारण त्यात अर्धं खरं आहे. ग्रंथी झपाट्याने फुगली की तिच्यावरचं आवरण ताणतं आणि ती दुखते. हे इन्फेक्शनमध्ये नेहमीचं, म्हणून दुखणारी गाठ सहसा साधी निघते. पण उलटं गणित जुळत नाही. वर सांगितलेल्या वणासारख्या ग्रंथी कधीच दुखत नाहीत. लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, दुखत नाही. क्षयाची गाठ, जिला जुने लोक गंडमाळ म्हणायचे, तीही सुरुवातीला दुखत नाही. चार-पाच ग्रंथी एकमेकींना चिकटतात, हळूहळू मऊ पडतात, कधी फुटून वाहतात. जिथे क्षय जास्त तिथे मानेतल्या गाठीचं हे एक मोठं कारण आहे, आणि ते काही महिन्यांच्या औषधांनी बरं होतं. दुसरीकडे, कॅन्सरची गाठ वेगाने वाढली किंवा तिच्या आत रक्तस्राव झाला तर ती दुखते. ‘दुखतेय ना, मग साधीच’ म्हणून कुणी बसून राहिलं तर?

मग डॉक्टर काय बघतात? गाठ कुठे आहे, किती दिवसांची, केवढी, कशी लागते, वाढतेय का, आणि माणसाचं वय काय. नेदरलँड्समधल्या फॅमिली डॉक्टरांकडे कारण न कळणाऱ्या लसिका ग्रंथी घेऊन आलेल्या 2,556 जणांचा अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या 29 जणांना कॅन्सर निघाला, म्हणजे शंभरात साधारण एक. चाळिशीच्या आतल्यांत हे प्रमाण 0.4 टक्के, चाळिशीपुढच्यांत 4 टक्के. हे साध्या दवाखान्यातले आकडे आहेत. कॅन्सरच्या रुग्णालयात मोजाल तर चित्र वेगळंच दिसेल, कारण तिथे गाळून-गाळूनच माणसं पोचतात.

आणि जागा. जबड्याखालची छोटी ग्रंथी आणि कॉलरबोनच्या, म्हणजे हासळीच्या हाडाच्या वरच्या खळगीतली ग्रंथी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोटातून आणि पायांकडून येणारी बहुतेक लस छातीतल्या एका मोठ्या नळीतून वर चढते आणि डाव्या हासळीमागे रक्तात मिसळते. त्यामुळे पोटातल्या कॅन्सरची खबर कधी कधी तिथल्या गाठीतून मिळते. जर्मन वैद्य रुडॉल्फ विरचो यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवलं, आणि तिथल्या गाठीला आजही त्यांचंच नाव आहे. तिथे गाठ लागली तर ती दुखते की नाही, केवढी आहे, हे बघत बसू नका. दाखवा. मेसेजमध्ये या जागेचं नावसुद्धा नाही!

बाकी मोठ्या माणसांसाठी एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. इन्फेक्शनची काही खूण नसताना दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली, 1.5 सेंटिमीटरपेक्षा मोठी, घट्ट, जागची न हलणारी, किंवा वरच्या कातडीला जखम झालेली, यांपैकी काहीही असेल तर गाठीची नीट तपासणी व्हायला हवी. आणि ‘मी तंबाखूला हात लावत नाही’ म्हणून सूट नाही. एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये मानेतली न दुखणारी गाठ हेच अनेकदा पहिलं लक्षण असतं, आणि ते रुग्ण कित्येकदा तंबाखू न खाणारे, न ओढणारे असतात. ‘न दुखणारी गाठ दाखवून घ्या’ एवढंच मेसेजने म्हटलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

‘रोज सकाळी मान दाबून बघा.’ कृपा करून नको. हे मी करून बसलोय. माझ्याकडे एक वही होती, शेजारी प्लॅस्टिकची पट्टी. एका दिवसातल्या नोंदी अशा: सकाळी 9 मिलिमीटर, दुपारी 12, संध्याकाळी 8, रात्री पुन्हा 11. गाठ तेवढीच होती, माझा अंगठा कमीजास्त दबत होता. कातडीच्या वरून पट्टी लावून मिलिमीटर मोजता येत नाहीत, ते काम सोनोग्राफीचं. त्यात ग्रंथीचा आकारही कळतो: शेंगदाण्यासारखी लांबट आणि मध्ये चरबीचा पट्टा शाबूत असेल तर बरं, वाटोळी झाली आणि पट्टा गायब असेल तर पुढे बघायचं. आणि सतत चिवडल्याने आजूबाजूचं मांस ठणकायला लागतं, मग ‘आता दुखायलाही लागली’ अशी वहीत नवी नोंद. मला डॉक्टरांनी तीन आठवडे हात लावायची बंदी घातली. पहिले चार दिवस तंबाखू सोडणाऱ्यासारखे गेले. आठवड्याभरात ठणका थांबला. तीन आठवड्यांनी त्यांनी एकदाच बघितलं, गाठ होती तेवढीच होती, सोनोग्राफी झाली, विषय संपला. गाठ आजही आहे, असं मानतो. बघितलेली नाही.

‘घशात गोळा म्हणजे अन्ननलिकेचा कॅन्सर.’ कंठ दाटून येतो, आवंढा अडकतो, हे आपण मराठीत कधीपासून म्हणतोय? घशात काही नसताना तिथे गोळा जाणवणं इतकं जुनं आणि इतकं सर्रास आहे की भाषेनेच त्याची नोंद करून ठेवली. धडधाकट लोकांना विचारलं तर जवळजवळ निम्मे म्हणतात, कधी ना कधी झालंय. डॉक्टर याला ग्लोबस म्हणतात. पूर्वी त्याच्यापुढे ‘हिस्टेरिकस’ जोडायचे, म्हणजे बाईमाणसाचे नखरे असा सरळ शेरा. 1968 मध्ये माल्कमसन नावाच्या डॉक्टरांनी ‘ग्लोबस फॅरिंजियस’, म्हणजे घशातला गोळा, असं साधं नाव सुचवलं तेव्हा कुठे तो डाग पुसायला लागला. घशाच्या तळाशी अन्ननलिकेच्या तोंडावर एक स्नायू गोल कडं करून बसलेला असतो. तो आवळलेला राहणं, पोटातलं आम्ल वर येणं, नाकातला शेंबूड मागे उतरणं, मनावरचा ताण, अशी त्याची बरीच कारणं सांगतात.

ओळखायची खूण अगदी घरगुती आहे. ग्लोबसचा गोळा नुसती लाळ गिळताना जाणवतो आणि जेवताना बहुतेक वेळा गायब होतो. अन्ननलिकेच्या कॅन्सरचं नेमकं उलटं. तिथे अडकतो तो घास. आधी कोरडा घट्ट घास, काही आठवड्यांनी मऊ अन्न, मग पाणीसुद्धा. आणि ‘अडकतंय का बघू’ म्हणून लागोपाठ आवंढे गिळायची परीक्षा घेऊ नका. आत्ता पाच वेळा पटापट गिळून बघा, पाचवा आवंढा कुणाचाच धड उतरत नाही, गिळायला लाळच उरत नाही. घास अडकत असेल, तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल, एकाच बाजूचा घसा दुखून कळ कानात जात असेल, थुंकीत रक्त येत असेल, वजन उतरत असेल, तर मात्र ग्लोबस म्हणून सोडून देऊ नका.

जाता जाता: आरशात जीभ बाहेर ओढून टॉर्च मारणाऱ्यांनो, जिभेच्या अगदी मागे ओळीने दिसणारे ते आठ-दहा मोठे दाणे सगळ्यांनाच असतात. चव कळायला असतात.

‘सुई टोचली की पसरतो.’ या एका वाक्यापायी लोक महिनेच्या महिने घालवतात. गाठीच्या या सुईच्या तपासणीला एफएनएसी म्हणतात. तिची सुई इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक असते, तिने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून काचेवर पसरून बघतात. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण त्या फार विरळा. त्या भीतीने निदानच न करणं म्हणजे ठिणगी उडेल म्हणून आगीवर पाणी न मारण्यासारखं. खरं तर कॅन्सरचा संशय असताना सुईची तपासणी न करता मानेतली गाठ थेट कापून काढली, तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते, म्हणून आधी सुईच. लिम्फोमाचं, म्हणजे लसिका ग्रंथींच्याच कॅन्सरचं, थोडं निराळं आहे. तिथे सुट्या पेशींवरून भागत नाही, ग्रंथीची आतली रचना बघावी लागते, म्हणून जाड सुईने तुकडा किंवा अख्खी ग्रंथी काढतात. सुईचा रिपोर्ट आल्यावरही डॉक्टर ‘गाठ काढून तपासू’ म्हणाले तर ते बिल वाढवताहेत असं लगेच धरून चालू नका.

उरला शेवटचा मुद्दा, रक्त आणि अँटिबायोटिक. लिम्फोमा असूनही सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारा नेहमीचा रिपोर्ट, अगदी नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे त्या कागदावर निश्चिंत होण्यासारखं काही नाही. विषाणूमुळे आलेली गाठ आपोआपच बसते, अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही, पण श्रेय मात्र गोळीला जातं. आणि ‘बसली’ हा काही दाखला नव्हे, लिम्फोमाच्या काही प्रकारांत गाठी मध्येच लहान होतात आणि पुन्हा वाढतात. सूज उतरायला म्हणून कुणी तुम्हाला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर तुकडा काढायच्या आधी ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या गोळ्यांनी लिम्फोमाची गाठ काही दिवसांत लहान होऊ शकते, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसायला हवं तेच नीट दिसत नाही.