शाकाहारी वाडीतलं अंड्याचं पाणी

आमची वाडी कट्टर शाकाहारी. चातुर्मासात कांद्याकडेही संशयाने बघणारी. त्यामुळे सामाईक बोअरच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास यायला लागला, तेव्हा पहिली चौकशी पाण्याची झाली नाही, नव्या भाडेकरूंची झाली.

ते बिचारे निर्दोष सुटले. दोष बोअर आणखी खोल नेण्याचा होता. खाली प्राणवायू नसतो. तिथले जीवाणू त्याऐवजी पाण्यातलं सल्फेट श्वासाला वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. पाणी लागलं म्हणून पेढे वाटताना हे कोण सांगणार? पिण्याच्या पाण्यात या सल्फाइडला लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमचीच मुभा आहे. शेजारच्या काकूंची चांदीची निरांजनं काळी पडली, तेव्हा प्रकरण देवघरापर्यंत पोचलं आणि वाडी हलली.

या वासाला नाक फार लवकर सरावतं. वाडीतली माणसं ‘गेला वाटतं’ म्हणत असतानाच पाहुणा चहाचा कप तोंडाशी नेऊन थबकायचा. मापनयंत्र म्हणून आम्ही पाहुण्यांचे चेहरेच वापरत होतो.

तरी रीतसर तपासणी हवी म्हणून नमुना एसटीने प्रयोगशाळेत गेला. अहवाल आला : ‘वास – स्वीकारार्ह’. वायूच तो, अर्ध्या बाटलीत हिंदकळत जाताना निम्म्या वाटेत उतरून गेला असणार. बाटली काठोकाठ भरून त्यात जागेवरच वायू धरून ठेवणारं झिंक अ‍ॅसिटेट घालायचं असतं म्हणे. नानांनी मात्र अहवाल प्रमाण मानला. “सही-शिक्क्यानिशी स्वीकारार्ह आहे, मग स्वीकारा की!”

बैठकीत उपायांचा पूर आला. कोणी तुरटी सुचवली. तिने गढूळपणा खाली बसेल, वायू कशाला बसतोय? कोणी पाणी उकळून पाहिलं, तर वास हंड्यातून निघून घरभर झाला. आबांचं म्हणणं सगळ्यांत उदात्त : “उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर लोक गाड्या करून जातात, ते याच वासात डुंबायला. आपल्याला घरबसल्या मिळतंय.” त्वचारोगासाठी पाटी लावावी, अशी सूचनाही आली होती. इतिवृत्तात आहे.

मग बोअरमध्ये ब्लीचिंग पावडर ओतून रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाडीला तरणतलावाचा वास. तो ओसरला आणि काही आठवड्यांत अंडी परत आली, कारण जीवाणू पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात दडून बसतात.

अखेर जाणकाराने सांगितलेलं केलं. बोअरचं पाणी टाकीच्या वर चढवून जाळीच्या थाळ्यांवरून धारांनी खाली पाडायचं, म्हणजे बराचसा वायू हवेत जातो. उरलेल्याची क्लोरीन गंधकाची पांढुरकी भुकटी करते आणि ती फिल्टरमध्ये अडकते. पाणी खरंच सुधारलं. काकूंच्या माहेरच्या माणसांनी चहा संपवला.

आता पाण्यातून निघालेला वायू टाकीशेजारच्या नानांच्या गॅलरीत जातो. स्वीकारार्ह म्हणणारे नाना रोज तक्रारअर्ज देतात. थाळ्यांवर झाकण घालून उंच पाइप काढायचं एकमताने ठरलंय. त्याचं तोंड कुठे करायचं एवढंच अडलंय. नाना म्हणतात, पश्चिमेला.

पश्चिमेला आमचं घर आहे.