टू-के, डॅम्पर आणि अर्धवट सल्ला

अमेरिकेत हायस्कूलमध्ये रोइंग (वल्ह्यांनी बोट हाकण्याच्या शर्यतीचा खेळ) करणाऱ्या मुलांना हा सल्ला हमखास मिळतो: "कॉलेजचे कोच फक्त टू-के बघतात. डॅम्पर १० वर लावा, रोज जीव तोडून ओढा, शिष्यवृत्ती चालत येईल. नववीत सुरुवात केली नसेल तर नाद सोडा." टू-के म्हणजे रोइंग मशीनवरची, अर्थात अर्गवरची, २००० मीटरची चाचणी. यातलं पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, म्हणून बाकीचंही खपून जातं.

डॅम्परचं आधी उरकून टाकू. डॅम्पर म्हणजे मशीनच्या पंख्यावरचा, १ ते १० आकड्यांचा खटका. पंख्याच्या पिंजऱ्यात हवा किती शिरू द्यायची, एवढंच त्यावर ठरतं. दोन स्ट्रोकच्या मध्ये चाक किती मंदावतं हे मॉनिटर मोजतो आणि ते धरूनच तुमची शक्ती काढतो. १० वर ओढल्याबद्दल सेकंद बक्षीस मिळत नाहीत, कंबर मात्र धरते.

"रोज जीव तोडून" हा सल्ला जास्त घातक. अर्गवर वेग वाढवायचा तर शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. सात मिनिटांच्या टू-केला सरासरी ३०२ वॅट लागतात, ६:५० ला ३२५. पुढे ६:३० ला ३७८ आणि ६:२० ला ४०८. तेच दहा सेकंद, पण आधी २३ वॅटमध्ये मिळाले, नंतर त्यांना ३० मोजावे लागले. हे वॅट आणायचे कुठून? टू-केमधली बरीचशी ऊर्जा, ढोबळ मानाने तीन-चतुर्थांश, ऑक्सिजनच्या जोरावर तयार होते. ती क्षमता वाढते लांब, संथ, कंटाळवाण्या सरावाने: मिनिटाला १८-२० स्ट्रोक, बोलता येईल इतपतच दम, तासभर. रोज परीक्षा दिल्यासारखा ओढणारा मुलगा कायम थकलेला असतो. त्याच्याकडून ना हे संथ काम नीट होतं, ना आठवड्यातली एक-दोन खरोखर कठीण सत्रं. तासभर २:०५ च्या स्प्लिटचा (५०० मीटरला लागणाऱ्या वेळेचा) फोटो कुणी मिरवत नाही, हीच अडचण आहे.

कोच टू-के बघतात, आणि आधी तोच बघतात, हे मान्य. पण अर्ग जमिनीवर घट्ट उभा असतो. स्लाइडवरून, म्हणजे सरकत्या बैठकीच्या रुळांवरून, घाईघाईने पुढे आलात तरी तो काही बोलत नाही. बोटीत तीच घाई केली की पुढे आलेलं शरीर थांबवताना पाय बोटीलाच उलट्या दिशेने ढकलतात आणि तिचा वेग तुटतो. वल्ह्याचं पातं पाण्यात बुडायच्या आत पाय मारले तर जोर हवेत जातो. शिवाय वजनदार मुलाला मशीनवर फायदा होतो, पाण्यात मात्र त्याच वजनाने बोट खोल बसते. म्हणून कॉलेजात सीट रेसिंग असतं: दोन बोटींची शर्यत, मग दोघांची अदलाबदल, पुन्हा शर्यत. तिथे ६:२८ वाला ६:२० वाल्याला बसवू शकतो घरी.

शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था १९९७ पासून मुलींचं रोइंग अजिंक्यपद घेते. मुलांचं घेतच नाही. त्यांचं राष्ट्रीय विजेतेपद आयआरए रेगाटा या वेगळ्या शर्यतींत ठरतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासकट आयव्ही लीग हा नामांकित विद्यापीठांचा गट खेळाची शिष्यवृत्ती देत नाही, एनसीएएच्या तीन गटांपैकी तिसरा, डिव्हिजन थ्री, हाही देत नाही. तिथे चांगला टू-के प्रवेशाला हातभार लावतो, फी भरत नाही. त्या प्रवेशाला मार्क लागतात, हे सल्ला देणारे सोयीस्करपणे विसरतात.

नववीची अट तर निव्वळ थाप. कॉलेजात येऊन पहिल्यांदा वल्हं धरणाऱ्यांना बरेच संघ घेतात, विशेषतः मुलींचे.

मुलींच्या डिव्हिजन वन, म्हणजे एनसीएएच्या वरच्या गटातल्या, संघांचे कोच दहावीनंतरच्या १५ जूनपासून भरतीबद्दल बोलू शकतात. त्यांना पाठवायच्या मेलमध्ये टू-के तारखेसकट लिहावा, उंची-वजन आणि मार्क द्यावेत, आणि बाजूने काढलेला, मिनिटाला २० स्ट्रोकच्या गतीचा बोटीतला व्हिडिओ जोडावा. संथ गतीत स्लाइडवरची घाई लपत नाही, आणि अनुभवी कोच नेमकी तीच शोधतो.